रूळ गेले, वाट राहिली

डोंगराळ मुलखात सायकल घेऊन निघालेल्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते. एक समोरच्या चढाची आणि दुसरी मागून येणाऱ्या ट्रकच्या हॉर्नची. गंमत अशी, की या दोन्ही गोष्टी त्याला एकाच ठिकाणी गाठतात. डोंगरात रस्त्याला जागा थोडी. नदीने जी दरी कोरून ठेवलेली असते तिच्यातूनच रस्ता न्यावा लागतो आणि मग बैलगाडीपासून बारा चाकी ट्रकपर्यंत सगळेच त्या अरुंद पट्टीत येऊन दाटतात. घाटात सायकल चालवणे हे तरण्याताठ्या आणि घरच्यांचे न ऐकणाऱ्या मंडळींचे काम, अशी आपली समजूत आहे. ती काही चुकीची नाही.

पण अशाच मुलखातून, नदीला लगटून, सात वर्षांची नात आणि सत्तरीचे आजोबा शेजारी शेजारी सायकली चालवत, गप्पा मारत चालले आहेत. दोन-तीन तासांत त्यांना एकही मोटार आडवी येत नाही आणि छाती भरून यावी असा चढही लागत नाही, असे कोणी सांगितले तर? इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हे दृश्य कोणत्याही सुटीच्या दिवशी दिसते. बेकवेल नावाच्या गावाजवळून निघणाऱ्या त्या वाटेचे नाव मॉन्सल ट्रेल. लांबी अवघी साडेआठ मैल, म्हणजे चौदा किलोमीटरला थोडी कमी. एवढ्याशा वाटेवर रविवारच्या पानभर लिहावे असे काय आहे? आहे. कारण ही वाट सायकलींसाठी कोणी बांधलीच नव्हती. ती बांधली आगगाडीसाठी. आगगाडी बंद पडली, रूळ उचलले गेले, पण खालची जमीन तुकडे करून विकली गेली नाही. ती सलग राहिली, म्हणून आज सायकलींच्या वाट्याला आली.

मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन कारखानदार शहरांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. नाव 'पीक' असले तरी सुळके शोधायला जाऊ नये. बहुतेक डोंगर गोल माथ्याचे, मेंढ्या चरणारे, दगडी गडग्यांनी चौकोन पाडलेले. उत्तरेकडचा भाग काळपट वालुकाश्माचा, तर दक्षिणेकडचा पांढऱ्या चुनखडीचा. चुनखडीत पाणी मुरते, आतून वाट काढते, खडक विरघळवते आणि शेवटी खोल, उभ्या कड्यांच्या अरुंद दऱ्या तयार होतात. वाय नदीची दरी ही अशीच. (वेल्समध्ये याच नावाची मोठी, अधिक प्रसिद्ध नदी आहे, ही ती नव्हे.) पाणी इतके नितळ, की पुलावरून ट्राउट मासे मोजता यावेत. १९५१ साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते याच प्रदेशाचे. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटले की वाघ आणि वनखात्याचे फाटक डोळ्यांसमोर येते. तिकडच्या उद्यानात गावे आहेत, शेती आहे, शाळा, दुकाने, दगडाच्या खाणीसुद्धा आहेत. माणसांना बाहेर न काढता मुलूख जपायचा, अशी ती कल्पना.

आता चढाचे कोडे. ही दरी सायकलस्वाराला सोपी नाही. मॉन्सल हेड या नाक्यावरून खाली दरीचे जे दृश्य दिसते ते त्या प्रदेशाच्या प्रत्येक कॅलेंडरवर असते. पण तिथे खालून वर येणारा रस्ता असा, की साडेसहा फूट पुढे जावे तर एक फूट वर चढावे लागते. त्या सहाशे मीटरच्या चढावर १९३० पासून सायकलींची शर्यत होत आली आहे. चांगले कसलेले गडी वर पोचेपर्यंत हँडलवर आडवे होतात. आणि त्याच नाक्याच्या खालून, डोंगराच्या पोटातून, आपली नात आणि आजोबा आरामात पुढे निघून जातात!

हे उपकार आगगाडीच्या स्वभावाचे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फारसे घासत नाही. म्हणून तर एक इंजिन शेकडो टन ओढू शकते. पण तेच चाक चढावर लगेच घसरते. त्यामुळे रेल्वेच्या इंजिनिअराला चढाचे भारी वावडे. तो टेकडी आली की बोगदा पाडतो, ओढा आला की पूल टाकतो, उंचवटा खणतो, खळगा भरतो आणि सगळा मार्ग साधारण शंभर फुटांना एक फूट अशा बेताने चढवत नेतो. हे सारे त्याने वाफेच्या इंजिनाचे लाड म्हणून केले; पण माणसाच्या गुडघ्यांनाही नेमके तेवढेच मानवते. सायकलीसाठी कोणी डोंगर फोडून दिला नसता. आगगाडीसाठी फोडला.

मिडलँड रेल्वेने वाय नदीच्या दरीतला हा मार्ग १८६३ साली सुरू केला. हे साल मराठी वाचकाला ओळखीचे वाटायला हवे. त्याच वर्षी, २१ एप्रिल १८६३ रोजी, आपला बोर घाट आगगाडीला खुला झाला. तिथे चढ सदतिसात एक, बोगदे पंचवीस, आणि ते खणताना पटकी, ताप आणि अपघात यांनी गेलेले मजूर हजारोंनी. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इकडे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुरे केले. एका देशातले भांडवल, तेच तंत्र, तेच साल. फक्त दऱ्या दोन. सह्याद्रीतल्या मार्गावर आज गाड्यांची रीघ लागलेली असते. वायच्या दरीतल्या मार्गावर मुले घंटी वाजवत फिरतात.

रस्किनचा संताप

तिकडे हा मार्ग आखताना मुख्य अडचण डोंगरांची नव्हती, सरदारांची होती. डेव्हनशायरच्या ड्यूकला आपल्या चॅट्सवर्थच्या बागेतून आगगाडी नको होती, म्हणून कंपनीला डरवेंट नदीची सरळ दरी सोडून वायच्या वाकड्या दरीत शिरावे लागले. तिथे रटलंडच्या ड्यूकचा हॅडन हॉल हा वाडा. त्याने परवानगी दिली, पण वाड्यातून गाडी दिसता कामा नये अशा अटीवर. मग वाड्यामागच्या उतारावर चर खणून, वर कमानी घालून, पुन्हा माती लोटून गाडी झाकली! दोन बड्या लोकांच्या नाकदुऱ्या काढताना कंपनीचा बराच खर्च झाला. आज त्या खर्चाचे फळ सामान्य लोक खातात, हे त्या ड्यूकसाहेबांना रुचले असते की नाही, सांगता येत नाही.

पण सर्वांत मोठा विरोध झाला तो एका लेखकाकडून, आणि तोही मार्ग सुरू झाल्यावर. जॉन रस्किन हे नाव आपल्याला गांधीजींमुळे माहीत आहे. त्यांचे 'अन्टू धिस लास्ट' वाचून गांधीजींचे आयुष्य बदलले, त्याचा पुढे 'सर्वोदय' झाला. या रस्किनने १८७१ साली मॉन्सलच्या दरीबद्दल कडाडून लिहिले. जिथे देव वावरत असावेत अशी ही दरी होती, तुम्ही तिचे खडक सुरुंगाने उडवले, नदीत दगडमातीचे ढीग लोटले, आणि मिळवले काय, तर बक्स्टनच्या रिकामटेकड्याला अर्ध्या तासात बेकवेलला जाता येते आणि बेकवेलच्या रिकामटेकड्याला बक्स्टनला, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्याने वापरलेला शब्द 'रिकामटेकडा' यापेक्षाही झोंबणारा होता. (असल्या आगगाडीद्वेष्ट्या रस्किनचे पुस्तक गांधीजींनी वाचले ते १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना, आगगाडीच्या डब्यात बसून! असो.)

रस्किनचे चुकले असे मात्र पटकन म्हणवत नाही. ज्या पुलावर त्याचा राग होता तो हेडस्टोनचा पूल, पाच कमानींचा. १८६३ मध्ये तो कच्च्या दगडमातीच्या ढिगाऱ्यात उभा असणार, दरीच्या अंगावर नवी जखम झाल्यासारखा. आज दीडशेहून अधिक वर्षांच्या पावसाने त्याचा दगड काळवंडला आहे, भोवती झाडी दाटली आहे. लोक दरी पाहायला येतात म्हणजे मुख्यतः तो पूल पाहायला येतात. १९७० साली तो संरक्षित वास्तूंच्या यादीत गेला. म्हणजे ज्याने दरी बिघडवली असे ओरडून सांगितले गेले, त्याच पुलाला हात लावू नये म्हणून शंभर वर्षांनी कायद्याचा आधार घेतला गेला. निसर्गाचे आणि बांधकामाचे नाते ठरायला एवढा वेळ लागतो. पण म्हणून कोणतेही बांधकाम शंभर वर्षांनी आपोआप सुंदर दिसू लागते असा अर्थ काढून आपल्या घाटातल्या हॉटेलवाल्यांनी खूश होऊ नये.

मँचेस्टरहून लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला जाणाऱ्या गाड्या एक शतकभर या दरीतून धावल्या. मग मोटारी आल्या. १९६३ साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी ब्रिटिश रेल्वेचा तोटा कमी करण्यासाठी आपला गाजलेला अहवाल दिला. सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्टेशने बंद करा, असे त्यात होते. पुढच्या काही वर्षांत कुऱ्हाड चालत राहिली. वायच्या दरीतला मार्ग पडला १९६८ मध्ये. स्टेशनमास्तर गेले, रूळ गेले, रुळांच्या जागी गवत आले.

अशा मेलेल्या मार्गाचे पुढे काय होते? बहुतेक ठिकाणी ते हळूहळू नाहीसे होतात. एक तुकडा शेजारचा शेतकरी घेतो, खणलेल्या भागात गावचा कचरा भरला जातो, एखादा पूल रस्ता रुंद करण्यासाठी पाडला जातो, स्टेशनच्या आवारात घरे उठतात. प्रत्येक तुकड्याचा व्यवहार स्वतंत्रपणे पाहिला तर शहाणपणाचाच दिसतो. पण वीस मैलांच्या मार्गातून शंभर फुटांचा एक तुकडा गेला की मार्ग गेला. साखळीच्या एका कडीला किंमत नसते. किंमत असते ती सलगपणाला, आणि ती कोणाच्याच हिशेबाच्या वहीत लिहिलेली नसते.

पीक डिस्ट्रिक्टमध्ये हे ज्यांनी ओळखले त्यांना मानले पाहिजे. उद्यानाच्या कारभाऱ्यांनी १९६८ पासूनच शेजारचे बंद मार्ग विकत घ्यायला सुरुवात केली. अ‍ॅशबोर्नहून निघणारी तेरा मैलांची टिसिंग्टन ट्रेल १९७१ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ब्रिटनमध्ये आगगाडीच्या मार्गाची अशी वाट करण्याच्या पहिल्या प्रयोगांत तिची गणना होते. वायच्या दरीतला मार्ग उद्यानाच्या हाती आला १९८० साली. पण इथे एक घोडे अडले, आणि ते तीस वर्षे अडूनच राहिले.

या साडेआठ मैलांत सहा बोगदे आहेत. त्यांतले दोन आखूड; चार मात्र प्रत्येकी साधारण चारशे मीटरचे. आत मिट्ट काळोख, छतातून ठिबकणारे पाणी, निखळू शकणाऱ्या विटा. सुरक्षिततेच्या कारणाने ते बंद ठेवले होते. पायी जाणारे बोगद्याच्या तोंडाशी आले की बाजूच्या पायवाटेने धापा टाकत टेकडी चढत आणि पलीकडे उतरत. सायकल, बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची घेऊन ते शक्यच नव्हते. म्हणजे सपाट मार्ग होता, पण ज्यांना त्याच्या सपाटपणाची सर्वांत जास्त गरज होती त्यांनाच तो बंद होता. शेवटी साडेबावीस लाख पौंडांचा सरकारी निधी मिळाला, बोगद्यांची डागडुजी झाली, दिवे लागले, आणि मे २०११ मध्ये बोगदे उघडले. शेवटची आगगाडी गेल्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी.

काळोखातून उजेडात

बेकवेल हे बाजाराचे गाव. सोमवारी आठवड्याचा बाजार भरतो. बदामाचे सारण घातलेले बेकवेल पुडिंग हे इथले प्रसिद्ध पक्वान्न. स्वयंपाकिणीच्या घोटाळ्यातून ते जन्मले अशी आख्यायिका सांगतात, आणि अस्सल कृती आमचीच असे एकापेक्षा अधिक दुकानदार सांगतात. आपल्याकडच्या कुठल्याही पेढ्याच्या गावासारखेच. इथून निघून हॅसप, ग्रेट लाँगस्टन ही जुनी स्टेशने मागे टाकत वाट पश्चिमेला वळते. हॅसपच्या स्टेशनात आता उपाहारगृह आहे आणि भाड्याच्या सायकली मिळतात. पहिले तीन-चार मैल साधेच. दोन्ही बाजूंना झाडे, मधून कुरणे. एवढ्यासाठी का आलो, असे वाटू लागते.

आणि मग हेडस्टोनचा बोगदा समोर येतो. आत शिरताच उन्हाळ्यातही गार हवेचा झोत अंगावर येतो. दिवे मंद. मुले हमखास ओरडतात, कारण बोगद्यात ओरडायचे असते हे मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. पाचशे मीटरला थोडा कमी असा तो काळोख संपतो आणि माणूस एकदम पुलावर बाहेर पडतो. खाली खोल वाय नदीचे वळण, दोन्हीकडे उभे हिरवे डोंगर आणि वर आभाळ. दरीत उतरण्याची तयारी नाही, हळूहळू दिसू लागणे नाही. पडदा एका झटक्यात वर जावा तसे. रस्त्याने आलेल्या प्रवाशाला मॉन्सल हेडवरून ही दरी लांबून, वरून, चित्रासारखी दिसते. सायकलवाला तिच्या मध्यात उभा असतो.

पुढे क्रेसब्रुकच्या बोगद्याच्या तोंडाशी खाली एक भव्य, राजवाड्यासारखी इमारत दिसते. ती राजवाडा नव्हे, सूतगिरणी. १८१५ सालची. आता तिच्यात लोक सदनिका करून राहतात. आणखी एक-दोन बोगदे ओलांडल्यावर नदीच्या वळणावर दुसरी गिरणी लागते, लिटन मिल. मधल्या पाण्याच्या विस्ताराला 'वॉटर-कम-जॉली' असे मजेशीर नाव आहे. पण लिटन मिलची गोष्ट मजेची नाही.

या दऱ्यांत पाण्याला वेग होता, म्हणून वाफेचे इंजिन रुळण्याआधी सूतगिरण्या इथे आल्या. मजूर मात्र नव्हते. मग लंडनच्या अनाथालयांतली मुले 'उमेदवार' म्हणून आणली जात. रॉबर्ट ब्लिंको हा असाच एक मुलगा. लंडनच्या सेंट पँक्रस भागातल्या गरीबखान्यातून १७९९ साली, सात वर्षांचा असताना, त्याला बाहेर काढले. आधी नॉटिंगहॅमजवळच्या एका गिरणीत आणि नंतर लिटनला. चौदा-चौदा तास काम, अपुरे अन्न, अमानुष मारहाण. तो जगला, मोठा झाला, आणि त्याने सांगितलेली हकीकत १८२८ मध्ये एका नियतकालिकात आणि १८३२ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. बालमजुरीविरुद्धच्या लढ्यात तिचा उपयोग झाला. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मागे हीच हकीकत असावी, असे काही अभ्यासक मानतात. ब्लिंको या दरीत आला तेव्हा आगगाडी नव्हती. ती आली तेव्हा तिचा पलीकडचा शेवट होता सेंट पँक्रसच.

इंग्लंडच्या गिरण्यांच्या सुताने आणि कापडाने आपल्या विणकरांचे माग बंद पाडले, १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, हे आपण शाळेत शिकतो. त्या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला लंडनचे अनाथ पोर उभे होते, हे आपल्याला सहसा कोणी शिकवत नाही. आज त्या गिरणीवरून सात वर्षांची मुले रंगीत टोप्या घालून सायकलने जातात. त्यांच्या आईबापांनी तिथे क्षणभर थांबून मुलांना ही गोष्ट सांगावी, असे फार वाटते. बरेच जण नकाशा पाहण्यात आणि सँडविच सोडण्यात गुंतलेले असतात.

मिलर्स डेल हे या मार्गावरचे एके काळचे मोठे स्टेशन. दरीवर दोन प्रचंड पूल शेजारी शेजारी, एक १८६३ चा आणि दुसरा १९०५ चा. वाहतूक एवढी वाढली होती, की एका पुलाने भागेना! जवळच चुन्याच्या प्रचंड भट्ट्या आहेत, १८८० च्या. १९४४ पर्यंत त्या धगधगत होत्या. म्हणजे आज आपण ज्याला 'शांत, निसर्गरम्य' म्हणतो ती दरी त्या काळात धूर, चुन्याची धूळ आणि इंजिनांच्या शिट्ट्यांनी भरलेली होती. ही शांतता प्राचीन नाही. ती हल्लीची आहे, आणि मिळवलेली आहे.

याच प्रदेशातल्या हाय पीक ट्रेलविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. सतरा मैलांची ही वाट ज्या रेल्वेवर आहे ती १८३१ मध्ये पुरी झाली. आधी बेत होता कालव्याचा, पण डोंगरावर पाणी कुठून आणणार? मग कालव्याच्याच डोक्याने रेल्वे बांधली. कालव्याला जसे पाण्याचे कुलूप लावून नाव वर उचलतात, तसे इथे उभे उतार करून, वर वाफेचे इंजिन बसवून, साखळीने वाघिणी ओढल्या. स्टेशनांना 'धक्का' म्हणत, जसे काही तिथे होड्याच लागणार आहेत. मिडलटन टॉपचे १८२९ सालचे इंजिन अजून जपून ठेवले आहे. मात्र घरच्या मंडळींना घेऊन गेलात तर सायकली त्या उताराच्या वरून सुरू करा. आठ फुटांना एक फूट उतरणारा तो पट्टा आजोबांसाठी नाही.

तासाच्या भाड्याची सायकल

या वाटांवर भाड्याने सायकली देणाऱ्या जागा आहेत. लहान मुलाला मागे बसवायची खुर्ची, मागे जोडायची छोटी गाडी, दोघांनी मिळून चालवायची सायकल, पायांत बळ नसलेल्यांसाठी हातांनी चालवायची तीनचाकी, असे सारे मिळते. आपल्याकडे एके काळी गल्लोगल्ली तासाच्या भाड्याने सायकली मिळत. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई, ब्रेक नसलेली सायकल नेमकी आपल्याच वाट्याला येई आणि अर्धा तास उरला म्हणून आपण उगाच आणखी एक फेरी मारून येत असू. अनेकांनी सायकल शिकली ती तशाच सायकलीवर, आधी नळीखालून पाय घालून. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळाची ही गोष्ट.

आणि ज्या 'रॅले' सायकलीची मालकी ही मध्यमवर्गीय घरातली मिरवण्याची बाब होती, तिचे माहेर याच भागातले. डर्बीशायरला लागूनच असलेल्या नॉटिंगहॅम शहरात रॅले स्ट्रीट नावाच्या गल्लीत ती कंपनी १८८७ च्या सुमारास जन्मली. पुढे आपल्याकडे आसनसोलला सेन-रॅलेचा कारखानाही निघाला. नॉटिंगहॅममधले उत्पादन २००२ मध्ये थांबले. सायकली करणारा कारखाना बंद झाला आणि सायकलींची वाट वाढत गेली. काळाचे असे उलटसुलट हिशेब असतात.

या वाटेचे सगळेच गोड आहे असे नाही. वाटेला तिकीट नाही, पण बहुतेक मंडळी मोटारीच्या टपावर सायकली बांधून येतात आणि सुटीच्या दिवशी बेकवेलच्या रस्त्यावर मोटारींची गर्दी होते. मोटारमुक्त वाटेवर पोचायला मोटार लागावी, हा विनोद तिथल्या लोकांनाही कळतो. वाट सर्वांची आहे, म्हणजे पायी चालणाऱ्यांची आणि घोडेस्वारांचीही. वेगाने जाणारा एखादा सायकलवीर घंटी न वाजवता म्हाताऱ्या जोडप्याच्या कानाशी वारा घालत जातो, तेव्हा ट्रकवाल्यांविषयीच्या आपल्या तक्रारी आठवतात.

त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. आगगाडी परत आणा, अशी मागणी या मार्गाबद्दल होत आली आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेली 'पीक रेल' ही हौशी मंडळींची संस्था हेच स्वप्न घेऊन निघाली होती. मॅटलॉकपासून रोझलीपर्यंतचा थोडा मार्ग तिने पुन्हा चालूही केला. अलीकडे मँचेस्टर आणि पूर्वेकडची शहरे पुन्हा थेट जोडा, रस्त्यावरचे ट्रक कमी होतील, असा युक्तिवाद जोराने होतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. ट्रकच्या हॉर्नला कंटाळून जे सायकलीच्या वाटेवर येतात त्यांनी आगगाडीला विरोध कोणत्या तोंडाने करायचा? पण बोगदे तेच आहेत. गाडी आली तर सायकलींसाठी पर्यायी वाट काढू, असे सांगतात. या दरीत दुसरी सपाट वाट काढायची म्हणजे पुन्हा डोंगर फोडायचा. रस्किनला हा वाद ऐकायला मिळायला हवा होता.

माझे मत विचाराल तर जिथे गाडीवाचून माणसांचे अडते तिथे गाडीच आली पाहिजे. आपल्याकडे विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी नॅरो गेजची 'शकुंतला' काही वर्षांपासून बंद आहे. तिथल्या लोकांना ब्रॉडगेज हवी आहे, सायकलींची वाट नको, आणि त्यांचे बरोबर आहे. मात्र वायच्या दरीतला वाद होऊ तरी शकतो, तो जमीन सलग राहिली म्हणून. उद्यानाने ती तुकड्यांनी जाऊ दिली असती तर आज ना आगगाडीचा प्रश्न उरला असता, ना सायकलीचा. निर्णय पुढच्या पिढीवर सोपवायचा तर तिच्यासाठी निदान जागा तरी शिल्लक ठेवावी लागते.

शेवटचे बोगदे ओलांडले की वाट दरीच्या तळाशी, ब्लॅकवेल मिल नावाच्या चार घरांच्या वस्तीपाशी येऊन थांबते. बक्स्टन तिथून तीनेक मैलांवर आहे. पण पुढे जायचे तर अंगावर चढ घ्यावा लागतो किंवा ट्रक धावणाऱ्या हमरस्त्याला लागावे लागते. इथले रूळ मात्र अजून जागेवर आहेत. आसपासच्या खाणींतला दगड वाहणाऱ्या मालगाड्या त्यावरून जातात. मुले सायकली आडव्या टाकून वाघिणी मोजत उभी राहतात. मग सगळे हँडल वळवतात. येताना जो शंभरात एकचा चढ कळलाही नव्हता, तो जाताना उतार म्हणून चांगलाच कळतो. बेकवेलपर्यंत पायडल फारसे मारावेच लागत नाही.